चूकभूल द्यावी घ्यावी : ‘बॅक टू द फ्यूचर’ आणि त्याचे चोखंदळ रसिक

इतिहासात ‘जर’ आणि ‘तर’ यांना स्थान नाही, असे आम्ही इतिहासाचे शिक्षक वर्षानुवर्षे सांगत आलो आणि विद्यार्थी वर्षानुवर्षे नेमके तेच विचारत आले. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? थोरले माधवराव आणखी वीस वर्षे जगले असते तर? सनावळ्या पाठ करताना जांभया देणारा मुलगाही असा प्रश्न निघाला की सावरून बसतो. या कुतूहलावर जगात पुष्कळ साहित्य निर्माण झाले. एच. जी. वेल्स यांनी १८९५ साली ‘द टाइम मशीन’ लिहून काळातून प्रवास करणारे यंत्रच कल्पिले. पण त्या यंत्रात तुमच्याआमच्यासारख्या सामान्य माणसाला बसवून गेलेल्या काळाची सहल घडवली, ती हॉलिवूडच्या एका चित्रपटमालिकेने. ‘बॅक टू द फ्यूचर’ हे तिचे नाव. १९८५, १९८९ आणि १९९० अशा तीन वर्षी तिचे तीन भाग आले.

पहिल्या भागाला चाळीस वर्षे उलटून गेली, तरी तिचे रसिक थकलेले नाहीत. दोन गोष्टी ते अखंड करीत असतात. एक, आठवणी काढणे. आणि दुसरी, खुसपटे काढणे. ज्यावर जीव जडला त्याच्याच चुका इतक्या चवीने मोजणारी माणसे क्वचित आढळतात. प्रस्तुत लेख म्हणजे या चित्रपटांचे परीक्षण नव्हे. त्या रसिकांकडे पाहताना एका इतिहासशिक्षकाला काय दिसले, तेवढेच येथे सांगायचे आहे.

वार्षिकांकातून निघालेली कथा

या मालिकेचा उगम एका शाळेच्या वार्षिकांकात आहे, हे वाचून आम्हा शाळामास्तरांना थोडे बरे वाटावे. १९८० साली बॉब गेल हा पटकथालेखक सेंट लुईस येथे आपल्या आईवडिलांकडे गेला असता, वडिलांचा हायस्कूलचा जुना वार्षिकांक त्याच्या हाती लागला. वडील आपल्या वर्गाचे निवडून आलेले अध्यक्ष होते, हे त्याला तेव्हा प्रथमच कळले. त्याच शाळेत आपण शिकलो. आपल्या वेळच्या वर्गाध्यक्षाशी आपले काडीचेही जमत नव्हते. मग आपण वडिलांच्या वर्गात असतो तर त्यांच्याशी आपली मैत्री झाली असती का? या एका प्रश्नातून गेल आणि दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस यांनी पटकथा उभी केली. ती चाळीसहून अधिक वेळा नाकारली गेली. अखेर ‘रोमान्सिंग द स्टोन’ (१९८४) या चित्रपटाने झेमेकिसला यश दिले आणि ही दारेही उघडली.

कथा थोडक्यात अशी. कॅलिफोर्नियातील हिल व्हॅली हे कल्पित गाव. सतरा वर्षांचा मार्टी मॅक्फ्लाय आणि विक्षिप्त शास्त्रज्ञ डॉ. एमेट ब्राऊन यांची मैत्री. डॉक्टरांनी डेलोरियन नावाच्या मोटारीचे कालयंत्र बनवले आहे. ताशी ८८ मैल वेग आणि १.२१ गिगावॅट वीज मिळाली की ती काळ ओलांडते. २६ ऑक्टोबर १९८५ च्या पहाटे मार्टी त्या गाडीतून ५ नोव्हेंबर १९५५ या दिवशी जाऊन पडतो. तेथे त्याचे आईवडील त्याच्याच वयाचे आहेत. त्यांची पहिली भेट जुळण्याचा प्रसंग त्याच्याच आगंतुकपणामुळे बिघडतो आणि मार्टीपुढे पेच उभा राहतो : आईवडील एकत्र आले नाहीत, तर आपण जन्मणारच नाही. खिशातील भावंडांच्या छायाचित्रातून आधी थोरला भाऊ पुसट होऊ लागतो, मग बहीण. १२ नोव्हेंबर १९५५ रोजी रात्री १० वाजून ४ मिनिटांनी गावातल्या कोर्टाच्या मनोऱ्यावरील घड्याळावर वीज पडणार आहे. तीच वीज पकडून परत जायचे आणि तत्पूर्वी आईवडिलांचे जुळवून द्यायचे. पुढच्या भागांत हीच मंडळी २०१५ मध्ये आणि १८८५ मध्ये जाऊन येतात.

पुन्हा पुन्हा पाहण्याचे सुख

माझ्या पिढीतील अनेकांनी हे चित्रपट भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिले. कॅसेट मागे नेता येत असे, आणि तीच खरी मौज होती. कारण या मालिकेत पहिल्या पाहण्यात नजरेतून निसटलेल्या गोष्टी पुढे हाताला लागतात. प्रारंभी ज्या बाजारसंकुलाच्या वाहनतळावर प्रयोग होतो, त्याचे नाव ‘ट्विन पाइन्स मॉल’, म्हणजे जोडपाइन. मार्टी १९५५ मध्ये पोहोचताच एका शेतकऱ्याचे पाइनचे एक रोपटे गाडीखाली चिरडतो. तो परततो तेव्हा त्याच जागेच्या पाटीवर ‘लोन पाइन मॉल’, म्हणजे एकलपाइन, असे लिहिलेले असते. कोणीही त्याचा उच्चार करीत नाही. मनोऱ्याच्या घड्याळाखालील दगडी कड सुरुवातीला शाबूत आहे. १९५५ मध्ये डॉक्टरांच्या पायाखाली ती तुटते, आणि अखेरच्या दृश्यात ती तुटलेलीच दिसते.

वारांचा हिशेबही चोख आहे. २६ ऑक्टोबर १९८५ हा शनिवार होता, ५ आणि १२ नोव्हेंबर १९५५ हेही शनिवारच. तिसऱ्या भागात ७ सप्टेंबर १८८५ हा दिवस सोमवार म्हणून येतो. पंचांग उलटे मोजून पाहावे, तो सोमवारच निघतो. १९५५ च्या चौकातील चित्रपटगृहावर ‘कॅटल क्वीन ऑफ मोंटाना’ या १९५४ च्या खऱ्या चित्रपटाची पाटी आहे आणि त्यात रोनाल्ड रेगन यांची भूमिका होती. पुढे मार्टी ‘१९८५ मध्ये रेगन राष्ट्राध्यक्ष आहेत’ असे सांगतो तेव्हा १९५५ चे डॉक्टर ‘तो नट?’ म्हणून त्याला वेड्यात काढतात. खुद्द रेगन यांनी फेब्रुवारी १९८६ मधील संसदेपुढच्या वार्षिक भाषणात या चित्रपटाचे नाव घेऊन त्यातील एक वाक्य उद्धृत केले.

आठवणींची साक्ष

परंतु आठवण हा साक्षीदार मोठा बेभरवशाचा. पहिल्या भागाच्या शेवटी पडद्यावर ‘क्रमशः’ अशा अर्थाची अक्षरे आपण १९८५ साली चित्रपटगृहात पाहिली, असे कित्येक रसिक शपथेवर सांगतात. वास्तविक ती अक्षरे चित्रपटगृहातील प्रतीत नव्हती. उत्तरभाग काढायचे ठरल्यावर १९८६ च्या व्हिडिओ कॅसेटवर ती प्रथम आली आणि २००२ च्या डीव्हीडी आवृत्तीतून पुन्हा काढली गेली. रसिक खोटे बोलत नाहीत. नंतर पाहिलेले आधीच्या आठवणीत जाऊन बसले, इतकेच. बखरींतून आपल्याला हेच दिसते. घटनेनंतर दोन पिढ्यांनी लिहिणारा माणूस मधल्या काळात ऐकलेले सारे मूळ प्रसंगात कालवून टाकतो आणि ते त्याला स्वतःलाही कळत नाही.

बनावट कागदपत्रांचीही येथे वाण नाही. दुसऱ्या भागात मार्टी ज्या दिवशी भविष्यात उतरतो तो दिवस २१ ऑक्टोबर २०१५. पण २०१० साली आणि पुन्हा २०१२ साली, गाडीतील तारखेच्या पाटीचे फेरफार केलेले चित्र जगभर फिरले आणि ‘तो दिवस आजच’ असे समजून हजारो लोकांनी तो साजरा केला. ज्यांनी चित्रपट दहा वेळा पाहिला होता, त्यांतलेही काही फसले. १९८९ साली झेमेकिसने मुलाखतीत गमतीने सांगितले होते की, हवेत तरंगणाऱ्या फळ्या खरोखर अस्तित्वात आहेत, पालकांच्या विरोधामुळे त्या बाजारात येत नाहीत. पुष्कळ मुलांनी त्यावर विश्वास ठेवला. मूळ साधन कोणते, नक्कल कोणती, विनोद कोणता हे पारखणे इतिहासाच्या अभ्यासकाला पहिल्या वर्षी शिकवतात. या रसिकांनी ते ठेच खाऊन शिकून घेतले.

खुसपटांचे प्रकार

आता खुसपटांकडे वळू. ढोबळमानाने त्यांचे दोन वर्ग पडतात.

पहिला वर्ग वस्तूंचा, म्हणजे कालविसंगतीचा. नृत्यसमारंभात मार्टी जी गिटार वाजवतो, ती गिब्सन कंपनीची ईएस-३४५. ती १९५५ मध्ये बाजारात नव्हती. आणखी तीनएक वर्षांनी आली. ५ नोव्हेंबर १९५५ च्या रात्री आईच्या माहेरी जेवताना सारे कुटुंब दूरदर्शनवर ‘द हनीमूनर्स’ या मालिकेचा एक भाग पाहते. तो भाग प्रत्यक्षात प्रथम प्रक्षेपित झाला ३१ डिसेंबर १९५५ रोजी. म्हणजे मार्टीबरोबर दूरदर्शन संचही आठ आठवडे पुढे गेला होता म्हणायचे! हसू येते खरे. पण शिवकालीन म्हणून दाखवलेल्या पत्रात उत्तर पेशवाईतला शब्द सापडला की आपण ते पत्र बाजूला ठेवतो, ती रीतही हीच.

दुसरा वर्ग कार्यकारणाचा. येथे रसिकांची बुद्धी विशेष चालते. वीज १० वाजून ४ मिनिटांनी पडली एवढेच पत्रकावरून कळते. कितव्या सेकंदाला, ते कसे कळले? त्यातून घंटा वाजली तरी गाडी सुरू होत नाही, मार्टीला उशीर होतो, आणि तरीही तारेला गाडीचा आकडा लागणे व वीज पडणे एकाच क्षणी घडते! दुसऱ्या भागात म्हातारा बिफ २०१५ मधून १९५५ मध्ये जाऊन तरुण बिफला खेळांच्या निकालांचे पुस्तक देतो. इतिहास बदलला, तर तो परत त्याच जुन्या २०१५ मध्ये कसा आला? तिसऱ्या भागात १८८५ मध्ये गाडीचे पेट्रोल संपते आणि सारा प्रपंच त्यासाठी होतो. पण त्याच वेळी डॉक्टरांनी खाणीत लपवलेली तीच गाडी तेथे आहे, तिच्यातले पेट्रोल का काढले नाही? आणि मार्टीची खापरपणजी मॅगी ही लग्न होऊन मॅक्फ्लायांच्या घरात आलेली, मग ती मार्टीच्या आईसारखी हुबेहूब कशी दिसते? त्याची आई तर दुसऱ्याच घराण्यातली!

काही प्रश्नांना उत्तरे आहेत. म्हातारा बिफ परतल्यावर नाहीसा होतो असे दृश्य चित्रित झाले होते, ते अंतिम प्रतीत गाळले गेले. बदललेल्या इतिहासात तो तोवर जिवंतच राहिला नव्हता. सत्तर वर्षे गाडी खाणीत ठेवणारा माणूस टाकी रिकामी करूनच ठेवणार, असे पेट्रोलबद्दल सांगितले जाते. मॅगीला मात्र उत्तर नाही. ती भूमिका आईच्याच नटीने, ली थॉम्पसनने, केली एवढेच.

सर्वांत गाजलेले खुसपट असे : मोठा झालेला मुलगा १९५५ मधल्या त्या पोरासारखाच दिसतो, हे आईवडिलांना कसे उमगत नाही? २०२० मध्ये हा वाद पुन्हा निघाला, तेव्हा बॉब गेलने उत्तर दिले की, सतराव्या वर्षी त्यांनी त्याला जेमतेम आठ दिवस पाहिले, तेही रोज नव्हे. हे उत्तर मला पटते. जुन्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, ज्यांना तीन-तीन वर्षे शिकवले त्यांचेही चेहरे पंचवीस वर्षांनी ओळखताना माझी तारांबळ उडते. आठ दिवसांच्या पाहुण्याची काय कथा!

भविष्याच्या बाबतीत मात्र काळानेच खुसपट काढले. दुसऱ्या भागात २०१५ ची बेसबॉलची विश्वमालिका शिकागो कब्ज जिंकतात. १९०८ नंतर त्या संघाने ती जिंकलीच नव्हती, म्हणून तो विनोद. प्रत्यक्षात २१ ऑक्टोबर २०१५ याच दिवशी कब्ज स्पर्धेबाहेर फेकले गेले, आणि लगेच पुढच्या वर्षी, २०१६ साली, त्यांनी ती जिंकली! त्याच चित्रपटातील वृत्तपत्रावर ‘राणी डायना’ यांच्या अमेरिका भेटीचा मथळा आहे. डायना १९९७ साली गेल्या. लिहिणाऱ्यांनी सहज लिहिलेला तो मथळा आज वाचताना मन चरकते. पुढे काय होणार हे ठाऊक नसताना माणसे कशी बेत करीत असतात, हे इतिहासाच्या पुस्तकातून मुलांना समजावणे फार अवघड जाते. तो मथळा ते एका क्षणात समजावतो.

एक मोठे खुसपट

इतके सारे मोजूनही एक खुसपट उरते. चोखंदळ रसिक त्यालाही कोडे म्हणूनच हाताळतात. मला ते कोडे वाटत नाही.

समारंभात वादक मार्विन बेरीच्या हाताला इजा होते, म्हणून मार्टी गिटार हाती घेतो आणि चक बेरी यांचे १९५८ मधील ‘जॉनी बी. गुड’ वाजवतो. मार्विन धावत जाऊन आपला भाऊ चक याला फोन लावतो आणि तो नवा सूर ऐकवतो. रसिक विचारतात, मार्टीने गाणे चक बेरींच्या तबकडीवरून शिकले आणि चक बेरींनी मार्टीकडून. मग गाणे रचले कोणी? उत्तर येते : कोणीच नाही. सारे हसतात आणि पुढच्या खुसपटाकडे वळतात.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबले पाहिजे. चक बेरी ही काही कल्पित व्यक्ती नव्हे. योगायोग असा की, ते बॉब गेलच्याच सेंट लुईस शहरातले. १९५५ च्या मे महिन्यात त्यांनी ‘मेबेलीन’ ध्वनिमुद्रित केले, जुलैमध्ये त्याची तबकडी निघाली आणि ती त्या वर्षीच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत वर चढली. म्हणजे १२ नोव्हेंबर १९५५ च्या रात्री चक बेरी नव्या सुराच्या शोधात कोठे चाचपडत बसलेले नव्हते. तो सूर त्यांना सापडून, गाजून काही महिने लोटले होते. एका गोऱ्या मुलाने फोनवरून तो त्यांना ऐकवण्याची काहीच गरज नव्हती.

हीच गोष्ट गोल्डी विल्सनची. १९५५ मध्ये उपाहारगृहात झाडलोट करणारा हा कृष्णवर्णीय तरुण १९८५ मध्ये गावाचा महापौर आहे. रात्रशाळेत शिकून मोठा होईन, ही जिद्द त्याची स्वतःची आहे, हे चित्रपट प्रामाणिकपणे दाखवतो. पण महापौर होण्याची कल्पना मार्टीच्या तोंडून त्याच्या कानी पडते. खरा १९५५ चा नोव्हेंबर आठवावा. हिल व्हॅलीच्या त्या नृत्यानंतर एकोणीस दिवसांनी, १ डिसेंबर १९५५ रोजी, अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधील जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार दिला आणि त्यांना अटक झाली. त्या शहरातील कृष्णवर्णीयांनी वर्षभराहून अधिक काळ बसवर बहिष्कार टाकला, रोज पायी कामावर गेले. गोल्डी विल्सनांना महापौरपदाचा रस्ता कोणी मोकळा केला, याचे उत्तर त्या पायपिटीत आहे.

चित्रपटकर्त्यांचा हेतू वाईट होता असे मला मुळीच म्हणायचे नाही. तो एक विनोद आहे, आणि फर्मास आहे. परंतु गिटार तीन वर्षे आधी आली हे ज्यांना दिसले, त्यांना गाण्याचे श्रेय कोठून कोठे गेले हेही दिसायला हवे. श्रेयाचा प्रश्न चित्रपटाच्या मांडवातही निघाला होताच. पहिल्या भागात मार्टीच्या वडिलांचे काम करणारा क्रिस्पिन ग्लोव्हर दुसऱ्या भागात नव्हता. त्याच्या चेहऱ्याच्या जुन्या साच्यावरून मुखवटा बनवून तो दुसऱ्या नटाला चढवण्यात आला. ग्लोव्हर न्यायालयात गेला आणि प्रकरण तडजोडीने मिटले. आपला चेहरा आपला आहे, हे त्याला न्यायालयात जाऊन सांगावे लागले.

एक ठोसा आणि एक गोळी

या मालिकेचे इतिहासाविषयीचे म्हणणे काय आहे? भित्रा जॉर्ज मॅक्फ्लाय एकदाच, आयुष्यात एकदाच, दांडगट बिफला ठोसा मारतो आणि तीस वर्षांनंतरचे सारे घर बदलते. एका क्षणात धैर्य दाखवले की पुढचे सारे निराळे, हा तो विचार. शाळेत रोज मार खाणाऱ्या मुलाला तो किती धीर देत असेल, हे मी नाकारणार नाही. मालिकेच्या अखेरीस डॉक्टर ब्राऊन सांगतात तेही हेच, की कोणाचेही भविष्य आधी लिहून ठेवलेले नसते.

मराठीत याच बीजावर डॉ. जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आहे. तिच्यात इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात जातात, जेथे १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांची गोळी हुकली आणि पानिपत मराठ्यांनी जिंकले. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, तेव्हा पुष्कळांना प्रथम ही कथा आठवली असेल. तेथेही निमित्त एकाच क्षणाचे. पण त्या क्षणाचे परिणाम गंगाधरपंत एका घरापुरते पाहत नाहीत. ते ग्रंथालयात जाऊन बसतात आणि राज्य, सैन्य, व्यापार यांचे पुढे काय झाले ते पुस्तकांतून शोधतात. हिल व्हॅलीत असे ग्रंथालयात बसणारे कोणी नाही. ते काम रसिकांनी आपल्या अंगावर घेतले आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना मी हे चित्रपट जरूर पाहा म्हणून सांगतो, आणि खुसपटे काढा म्हणूनही सांगतो. फक्त यादीच्या शेवटी आणखी एक प्रश्न लिहा : या गोष्टीत कोणाचे काय काढून कोणाला दिले गेले? गेल्या वर्षी एका मुलीने तेवढ्यावरून ‘मेबेलीन’ची तारीख स्वतः शोधून आणली. त्या तासाला मला फारसे बोलावे लागले नाही.

आणि चक बेरी यांच्या बाबतीत एक समाधानाची गोष्ट आहेच. चित्रपटाच्या आठ वर्षे आधी, १९७७ साली, अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ ही दोन याने आकाशात सोडली. पृथ्वीवरील निवडक संगीताची सोनेरी तबकडी दोन्ही यानांवर आहे. तिच्यात ‘जॉनी बी. गुड’ आहे आणि त्या यादीत गाण्यापुढे नाव चक बेरी यांचेच आहे. त्याच तबकडीवर भारताचा एकच स्वर गेला आहे, तो गोव्यातल्या फोंडा तालुक्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांच्या भैरवीचा. ‘व्हॉयेजर-१’ने २०१२ साली सूर्याच्या प्रभावाची सीमा ओलांडली. तेथून ते परत येणार नाही, आणि त्या यादीतले नाव बदलायला मागे जाणारी गाडीही कोणाजवळ नाही.